राजारामने राजारामला पाठवलेले पंचवीस रुपये

सुलक्षणाला राग यायला फार मोठं कारण कधी लागलेलंच नाही. मरोळच्या कारखान्यात ती पॅकिंगची सुपरवायझर होती तेव्हा थर्मासचं एक बूच वाकडं बसलं तरी अख्खी लाईन थांबायची, आणि मालक केबिनमधून बाहेर न येता आतूनच "बघा हो बाई, तुम्हीच बघा" म्हणायचा. निवृत्त झाल्यावर ती मुलुंड पूर्वेच्या आपल्या सोसायटीच्या कमिटीत गेली. तेव्हापासून टाकी धुवायला येणारी माणसं आधी वॉचमनला विचारतात, बाई घरात आहेत का? आहेत म्हटलं तर टाकी खरोखर धुतात.

पण या वेळी कारण होतं, आणि ते तुटक होतं.

झालं असं, की 'राऊळ परिवार' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हर्षदने वंशावळीचा कच्चा मसुदा टाकला. हर्षद म्हणजे बोरिवलीचा विमा एजंट, वय पन्नाशीचं, उत्साह पंचविशीचा. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला होता, त्या निमित्ताने राऊळांच्या सात पिढ्यांचं पुस्तक काढायचं त्याने डोक्यात घेतलं होतं. विमा विकून विकून त्याच्याकडे नातेवाईक संपले असावेत आणि नवे शोधायला तो मेलेल्यांत उतरला असावा, असं सुलक्षणाचं मत होतं.

तिने मसुदा बोटांनी मोठा करून पाहिला. वर भाऊराव राऊळ. त्यांना दोन मुलगे, राजाराम आणि बाळ. बाळच्या नावाखाली 'निर्वंश'. राजारामच्या खाली एक सरळ जाड रेघ, ती हर्षदच्या आजीपाशी आणि तिच्या मुलांपाशी जात होती. आणि राजारामच्याच कुशीतून निघालेली दुसरी रेघ, टिंबाटिंबांची, सरपटत एका कोपऱ्यात जाऊन थांबली होती. तिथे लिहिलं होतं: 'शांताबाई (मुंबई). कन्या सुलक्षणा.' तळाला बारीक अक्षरात खुलासा होता: तुटक रेघ म्हणजे दुसरं घर.

"अहो, हे बघा!" ती ओरडली.

तिचा नवरा देवव्रत चष्मा शोधत आला. भला माणूस. लग्नानंतर त्याने एकदाच तिच्याशी वाद घातला होता आणि त्याचा निकाल अजून लागायचा होता. त्याने बराच वेळ मोबाईलकडे पाहिलं आणि म्हणाला, "प्रिंटरची शाई संपली असेल."

"मोबाईलवर कसला प्रिंटर? माझ्या आईला ठेवलेली म्हणतोय तो! छापून म्हणतोय!"

हे तिला नवीन नव्हतं, हेच तर दुखणं होतं. घाटकोपरच्या ज्या चाळीत ती वाढली तिथे कोकणातली चार बिऱ्हाडं होती, आणि नळावर तिला लहानपणीच कळलं होतं की राजाराम राऊळांची खरी बायको गावाला आहे आणि सुलक्षणाची आई, ती साताऱ्याकडची घाटी, ती आपली अशीच आहे. सतराव्या वर्षी तिने धीर करून आईला विचारलं, "आई, बाबांचं गावाला दुसरं लग्न आहे का गं?" शांताबाईने लाटणं थांबवलं नाही. "जेवायचंय का उपाशी झोपायचंय?" एवढंच म्हणाली. बाबांना विचारायची सोय नव्हती, कारण ते मिलमधून यायचे, जेवायचे आणि कानात कापूस असल्यासारखे बसायचे. गिरणी संपाच्या आदल्या वर्षी ते साच्यावरच, म्हणजे चालत्या मागावरच, कोसळले आणि गेले. पुढे सुलक्षणाचं लग्न ठरताना देवव्रतच्या आईने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "मुलीची आई पहिलेपणाची ना?" तेव्हाही शांताबाई गप्प बसली होती आणि सुलक्षणाने शरमेने पदर चावून ओला केला होता.

आता शांताबाई एक्क्याण्णव वर्षांची, लेकीकडेच मुलुंडला. कान तिखट, जीभ त्याहून तिखट, गुडघे मात्र गेलेले. आणि महिनाअखेरीला पुस्तक छापायला जाणार. आई डोळे मिटायच्या आत ती टिंबं पुसली गेली पाहिजेत, नाहीतर कायमची राहतील, एवढं सुलक्षणाला लख्ख कळत होतं.

तिने हर्षदला फोन लावला. त्याला ती जन्मात दोनदा भेटली असेल.

"हर्षद, ती रेघ सरळ कर."

"नमस्कार आत्या. बघा, माझा काही वैयक्तिक राग नाही," हर्षद म्हणाला. "पण गावात सगळे हेच सांगतात. तुमच्याकडे कागद असेल तर दाखवा, मी आत्ता बदलतो. लग्नाचा दाखला आहे?"

"त्या काळात लग्नाचा दाखला कोण काढायचं रे? तुझ्या आजीचा आहे?"

"आजीला साऱ्या गावाने लग्नात बघितलंय."

फोन ठेवल्यावर तिने देवव्रतवर थोडा राग काढला, मग आईच्या शिवणयंत्राकडे वळली. यंत्र कधीच बंद पडलेलं होतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या खणांत शांताबाईने संसाराचे सगळे पैशाचे कागद कोंबून ठेवलेले होते. आई समोर खुर्चीत मालिका बघत होती.

"काय उचकतेस गं?"

"सुया बघतेय."

"सुया वरच्या खणात," आई म्हणाली आणि मालिकेतल्या सुनेला शिव्या देऊ लागली.

खालच्या खणातून निघालं ते सगळं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आलं. मिलच्या पगाराच्या चिठ्ठ्या, प्रॉव्हिडंट फंडाच्या स्लिपा, गहाण ठेवून सोडवलेल्या पाटल्यांची मारवाड्याची चिठ्ठी, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या, पिवळ्या पडलेल्या आणि झुरळांनी चाखून बघितलेल्या. आणि सगळीकडे एकच नाव, राजाराम भाऊराव राऊळ. फंडाच्या एका कागदावर वारस म्हणून शांताबाई, नातं पत्नी. सुलक्षणाने टाळी वाजवली आणि फोटो काढून हर्षदला पाठवला.

हर्षदचं उत्तर लगेच आलं. "आत्या, वारसाच्या रकान्यात लोक कोणालाही पत्नी लिहितात. मी याच धंद्यात आहे, मला विचारा."

"मेल्या!" ती मोबाईलला म्हणाली. पण गोची तिला कळत होती. जितके कागद निघाले तितके सगळे हेच सांगत होते, की तिचा बाप राजाराम होता, आणि राजारामची बायको गावाला होती हे तर अख्ख्या गावाने अक्षता टाकून पाहिलं होतं. आपण वकील म्हणून उभं राहायचं आणि आपलेच साक्षीदार उलटायचे, तसली गत. दोन दिवस तिने कमिटीच्या मीटिंगलाही आवाज चढवला नाही. सेक्रेटरीने काळजीने विचारलं, तब्येत बरी आहे ना?

तिसऱ्या दिवशी दुपारी देवव्रत ते कागद आवरत होता. "आवरू नका, मला लागतील," ती म्हणणार तेवढ्यात तोच म्हणाला, "अगं, तुझे वडील स्वतःलाच मनीऑर्डर करायचे का?"

"काहीही बोलू नका."

"हे बघ ना." त्याच्या हातात मनीऑर्डरची पोच होती, पैसे पोचले की पोस्टमन जी सही घेऊन परत पाठवतो ती. "पाठवणारा राजाराम भाऊराव राऊळ, घाटकोपर. घेणारा राजाराम भाऊराव राऊळ, मुक्काम तुमचं गाव. रुपये पंचवीस." त्याने विचार केला. "इन्कमटॅक्सचं काही असेल."

"पंचवीस रुपयांवर?"

"मग विसरभोळे असतील."

सुलक्षणाने पोच हातातून ओढून घेतली. एक नव्हती, सुतळीने बांधलेला अख्खा गठ्ठा होता, आणि प्रत्येकीवर तेच, राजारामकडून राजारामला. घेणाऱ्याच्या सहीच्या जागी निळा अंगठा होता. बाबा अंगठा लावत नसत. बाबा सही करायचे, शेवटच्या 'ळ'ला इतकी मोठी शेपटी काढायचे की ती पगाराच्या आकड्यात घुसायची. सुपरवायझरकी काही उगाच केलेली नव्हती तिने. तिने पोचेवरचा महिना बघितला आणि पगाराच्या चिठ्ठ्यांत तोच महिना शोधला. चोपन्न सालचा जानेवारी. हजेरी पूर्ण, खाडा एकही नाही. म्हणजे बाबा त्या महिन्यात रोज परळला साच्यावर उभे होते. मग गावाला अंगठा कोणी लावला?

तिने हर्षदला फोन लावला.

"हर्षद, तुझे आजोबा कधी वारले रे?"

"राजाराम आजोबा? छप्पन साली. छातीच्या दुखण्याने. मिलमधून आजारी होऊन गावाला आले ते तीन वर्षं अंथरुणावरच होते. का?"

"माझे बाबा एक्क्याऐंशीला गेले."

पलीकडून बोरिवलीच्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"आणि मी अठ्ठावन्न सालची आहे," सुलक्षणा म्हणाली. "तुझे आजोबा जाऊन दोन वर्षांनी मला जन्माला घालायला परत आले होते का?"

इतकी वर्षं दोन घरं एकमेकांवर फुरंगटून बसली होती, पण हा माणूस मेला कधी, हे एकाने दुसऱ्याला विचारलं नव्हतं. सगळ्यांना अपमान तोंडपाठ होता, तारीख कोणालाच नको होती.

"आत्या, थांब," हर्षद म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' झालेलं त्याच्याही लक्षात आलं नाही. "आजी सांगायची, मिल फार देवमाणसांची होती. आजोबा घरी आजारी, तरी दर महिन्याला मिल पगार पाठवायची."

"कुठली मिल रे असले लाड करते? आजारी माणसाला मिल बिल्ला काढून घ्यायची आणि गेटाबाहेर काढायची."

"बिल्ला," हर्षद म्हणाला.

"बिल्ला," सुलक्षणा म्हणाली.

गिरणगावाचं वारं लागलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. कायम नोकरीचा बिल्ला म्हणजे जहागीर. तो धरून ठेवायला एक आजारी पडला की भाऊ नाहीतर भाचा त्याच्याच नावावर साच्यावर उभा राहायचा. मुकादमाच्या हातावर काहीतरी ठेवलं की मुकादमाला सगळे राऊळ सारखेच दिसायचे. दोन-चार महिन्यांपुरती सोय म्हणून करायचे. एखादाच असा निघायचा, की त्यात आयुष्य काढायचा.

"बाळ!" हर्षद ओरडला. "बाळ आजोबा! घाटावरच्या मुलीशी लग्न केलं म्हणून पणजोबांनी घराबाहेर काढलेला! मी त्यांच्याखाली 'निर्वंश' लिहिलंय, आत्या!"

"लिहिलंयस खरं. वंश फोनवर बोलतोय."

"म्हणजे माझ्या आजोबांनी कोणाला ठेवलं नव्हतं! सुटले गो आत्या, म्हातारे सुटले!" हर्षदला इतका आनंद झाला की त्याने तिला दोन हप्ते माफ असलेली कुठलीशी पॉलिसी सांगायला सुरुवात केली. सुलक्षणाने त्याला तिथेच तोडलं. पण तिच्याही डोळ्यांना धार लागली होती. आई पहिलेपणाची होती. एकुलत्या एका नवऱ्याची एकुलती एक बायको होती. आणि आपण आत्या ती आत्याच राहिलो, टिंबांनीही आणि रेघेनेही, हे लक्षात येऊन तिला हसूही आलं.

"पूर्ण कहाणीच छापतो," हर्षद म्हणाला. "भावाच्या नावावर राबून भावाचा संसार पोसला. पानभर लिहितो. फोटो पाठव."

नाक पुसून सुलक्षणा आईसमोर जाऊन बसली आणि तिने मालिका बंद केली. या घरात ही गोष्ट आजवर कोणी केली नव्हती.

"आई, मला सगळं कळलं. बाबा राजाराम नव्हते. बाबा बाळ होते."

शांताबाईने रिमोट मागायला पुढे केलेला हात मागे घेतला.

"सुया बघत होतीस म्हणे," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"चोवीस वर्षं मी काय शेजाऱ्यासंगं झोपत होते?"

"मग आयुष्यभर बोलली का नाहीस? लोक तुला काय काय म्हणाले! मला काय काय म्हणाले! हर्षद आता सगळं छापणार आहे, पानभर."

"छापलं तर बघ," शांताबाई म्हणाली. आवाज एकदम घट्ट झाला. "माझी पेन्शन बंद होईल. राजारामची विधवा म्हणून येते ती."

"हजार रुपये, आई! मी देते तुला हजार रुपये! दोन हजार देते!"

"तुझे कशाला? त्याचे आहेत ते. अठ्ठावीस वर्षं उभा होता तो साच्यापुढं. कापूस खाल्ला त्यानं. आणि तुमचं पुस्तक काय सांगणार लोकांना? का भाऊराव राऊळाच्या धाकट्यानं नाव चोरलं, मिलला फसवलं, सरकारला फसवलं. मला लोक ठेवलेली म्हणत्यात, म्हणू देत. त्याला मेल्यावर चोर म्हणवून घेणार नाही मी."

सुलक्षणाने मोबाईल उलटा घालून ठेवला. "पण ते ठेवलेलीचं काढलं कोणी मुळात?" तिने विचारलं. "कुठल्या नालायकाने सुरू केलं?"

"मीच."

"काय?"

"तुझे आजोबा वारले गावाला. पासष्ट साल. तेरावं होतं. ह्याला जायचं होतं, बाप होता ना त्याचा. पण जाणार कसा? नवा मुकादम शेजारच्या वाडीतला निघाला, तो जेवायला येणार. गाव ह्याला बाळ म्हणून हाक मारणार आणि मुकादम राजाराम म्हणून. एका मांडवात दोन नावांचा माणूस कसा बसणार? लहान पोरासारखा रडत होता. म्हटलं, गप बस, मी जाते, तुझ्या बापाला तुझ्या वतीनं हात जोडून येते. तुला शेजारणीकडं ठेवलं आणि गेले." तिने पदराने तोंड पुसलं. "मला तिथं कोण ओळखतंय? बायकांनी विचारलं, तू कोणाची गं? समोरच्या पंगतीत मुकादम भात कालवत होता, कान इकडेच. बाळची म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती. म्हटलं, मुंबईच्या राजाराम राऊळांची."

"अगं आई गं."

"खऱ्या राजारामची बायको तिथंच वाढत होती. तिच्या हातातलं पातेलं पडलं. मला मागच्या पडवीत बसवलं, केळीचं पान दिलं, पण कोणी वाढायला आलं नाही. मी पान दुमडलं, सासऱ्याच्या फोटोला हात जोडले आणि निघाले. घरी येऊन ह्याला सांगितलं, सगळं छान झालं, तुझी आई चौकशी करत होती."

स्वयंपाकघरात देवव्रत कधीचा हातात चहा घेऊन थबकला होता. सुलक्षणाला हुंदका आवरेना. तोंडाने मात्र ती रागावतच होती, कारण तिला दुसरं काही येतच नाही. "मूर्ख आहेस तू! एवढं सोसायचं असतं का! आणि घरात त्यांना हाक काय मारायचीस मग?"

"अहो," शांताबाई म्हणाली. "राजाराम म्हटलं तर खोटं, बाळ म्हटलं तर पोटावर पाय. 'अहो'ला काय धोका?"

सुलक्षणाने हर्षदला फोन लावला तेव्हा तिचा आवाज पुन्हा पॅकिंग लाईनवरचा झाला होता. "कहाणी नको. फोटो नको. मिलचा म सुद्धा कुठे दिसता कामा नये. बाळच्या खालचं 'निर्वंश' खोड, तिथे शांताबाई लिही, तिच्याखाली मी. तुझ्या आजोबांच्या अंगावरची टिंबं पूस. संपलं."

"पण आत्या, लोक विचारतील ना, हे अचानक कुठून आलं?"

"वंशावळीत कोण कुठे कामाला होता ते लिहितात का? कोण कोणाचं ते लिहितात. विचारणाऱ्याला माझा नंबर दे."

अशी धमकी हर्षदला लगेच कळते. दहा मिनिटांत नवा मसुदा आला. सुलक्षणाने मोबाईल आईच्या डोळ्यांसमोर धरला आणि चित्र मोठं केलं. बाळ. त्याच्यापासून निघालेली रेघ सरळ, जाड, कुठे न तुटलेली. शांताबाई. सुलक्षणा.

शांताबाईने ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"हे गावाला जाणार?"

"घरटी एक प्रत."

"तिथली सगळी वाचणार?"

"देवळात मोठ्याने वाचून दाखवणार आहेत म्हणे."

म्हातारीने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले आणि चालता न येणारे गुडघे सरळ करून बघितले.

"मग मला ने तिकडं," ती म्हणाली. "जेवायचं राहिलंय माझं."